ईस्टरला न लागलेलं कुलूप

झुंबर त्रिभुवन यांच्या आवाजाबद्दल आधी सांगायला हवं, कारण पुढचं बरंचसं त्या आवाजामुळे झालं. त्यांनी सगळी नोकरी एस.टी.त काढली, आणि त्यातली बरीच वर्षं बसस्थानकाच्या कंट्रोल केबिनमध्ये माईकसमोर. पेठला जाणारी गाडी कुठल्या फलाटावर लागली आहे, घोटीमार्गे जाणारी कधी सुटणार आहे, हे ते सांगत. आवाज भरदार, शब्द सुटे, वाक्यं तोकडी. गाडी वेळेवर आली तरी तोच सूर आणि रद्द झाली तरी तोच. सांगून झालं की लोक खिडकीशी येऊन तेच विचारत. मग ते पुन्हा सांगत. यात आपला काही अपमान होतो असं त्यांना कधी वाटलं नाही.

जन्म घोटीजवळच्या खेड्यातला. वडील मिशनच्या शाळेत मास्तर, घरी थोडी भातशेती. थोरले बंधू गेणू शेतीत राहिले, झुंबर नाशिकला आले. लग्न संगमनेरकडच्या चांगुणाबाईंशी झालं. त्या बालवाडीत शिकवायच्या. मुलगा रवी पुण्यात नोकरीला लागला. निवृत्तीनंतर नवराबायको इंदिरानगरातल्या लहान फ्लॅटमध्ये राहू लागले आणि दर रविवारी स्कूटरवरून आमच्या चर्चला येऊ लागले. चर्च लहानच आहे. पत्र्याचं छप्पर, पुढं थोडं आवार, आवाराच्या कोपऱ्यात एक खोली. मीही त्याच मंडळीतला, त्यामुळे यातलं पुष्कळसं मी स्वतः पाहिलेलं आहे. उरलेलं चांगुणाबाईंकडून कळलं, आणि त्या तिखटमीठ लावून सांगणाऱ्यांतल्या नाहीत.

आवाज पाहून मंडळीनं त्रिभुवनकाकांना दोन कामं दिली. उपासनेत शास्त्रपाठ, म्हणजे बायबलमधला नेमलेला उतारा, वाचायचा आणि शेवटी सूचना वाचायच्या. तिसरं काम त्यांनी आपणहून घेतलं. ते म्हणजे बुधवारचा भविष्यवादाचा, शास्त्रातल्या भाकितांचा, अभ्यास.

त्याचं असं झालं. रवीनं त्यांना मोठ्या पडद्याचा मोबाईल आणून दिला आणि त्यावर गुडघ्याच्या व्यायामाचे व्हिडिओ बघत जा म्हणून सांगितलं. व्यायामाच्या व्हिडिओंखाली भविष्यवादाचे व्हिडिओ यायला लागले. गुडघे तसेच राहिले.

आमच्या शास्त्राचा पहिला मोठा भाग यहुद्यांचा. त्यात यशया, यिर्मया, यहेज्केल, दानीएल अशा इब्री संदेष्ट्यांची वचनं आहेत, अडीच हजार वर्षांपूर्वीची आणि काही त्याहूनही जुनी. त्यातली काही वचनं प्रभू येशूकडे बोट दाखवतात असं आम्ही मानतो. ती नाताळात आणि उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, वाचली जातात. उरलेल्यांचं काय करायचं हे आमच्यात फारसं कोणाला ठाऊक नव्हतं. काकांना मोबाईलमधून ठाऊक झालं. उरलेली वचनं म्हणजे आजच्या बातम्या.

त्यांनी एक फ्लेक्स छापून घेतला. त्यावर दानीएलाला दिसलेली श्वापदं होती, शिंगांसकट, आणि प्रत्येक शिंगापासून निघालेला बाण एकेका देशावर जाऊन टेकला होता. फ्लेक्सवाल्यानं सवयीनं खालच्या कोपऱ्यात ‘शुभेच्छुक’ असं छापून पुढं जागा मोकळी सोडली होती. ती तशीच राहिली.

अभ्यासाला गर्दी होऊ लागली. कुठं युद्ध पेटलं की बुधवारी शिंगांची फेरमांडणी होई. एखादं शिंग भलत्याच देशाचं निघालं तर काका ते शांतपणे दुसऱ्या देशाला देत. कोणी तक्रार करत नसे. या अभ्यासाची मोठी सोय म्हणजे ऐकणाऱ्याला काही करावं लागत नसे. जे व्हायचं ते दूर कुठंतरी, दुसऱ्यांच्या हातून व्हायचं होतं. आपण फक्त ओळखायचं. मग चहा व्हायचा आणि लोक समाधानानं घरी जायचे.

चांगुणाबाईंनी एकदा घरी विचारलं की यात आपल्याला काही सांगितलंय का. काका म्हणाले, जागृत राहा असं सांगितलंय. त्यावर त्या म्हणाल्या की जागी तर मी पहाटेपासून असते. विषय तिथं संपला.

आता गोजराबाई. आवाराच्या कोपऱ्यातल्या खोलीत त्या राहतात. त्यांचे यजमान जन्मभर चर्च झाडत, घंटा वाजवत, दार उघडत आणि लावत. ती खोली त्यांना त्या कामासाठी मिळालेली. ते वारले आणि गोजराबाई तिथंच राहिल्या. विधवा म्हटलं की जे चित्र डोळ्यांसमोर येतं, तशा त्या नव्हत्या. बोलणं फटकळ. प्रवचनात झोपत, आणि जाग आली की प्रवचन लांबलं असं शेजारणीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगत. त्यांनी कोंबड्या पाळल्या होत्या आणि त्या कोंबड्यांना त्रिभुवनकाकांच्या स्कूटरची सीट आवडे. काकांनी दोनतीनदा सभ्य भाषेत सांगून पाहिलं. गोजराबाई म्हणाल्या, कोंबडीला सांगा.

त्या सुमारास चर्च कमिटीपुढं पार्किंगचा प्रश्न आला. कमिटीचे अध्यक्ष प्रफुल्ल भालेराव, बँकेतून निवृत्त झालेले, नीटनेटके गृहस्थ. रस्त्यावर गाड्या लावल्या की आजूबाजूचे लोक बोलत, हे खरंच होतं. कोपऱ्यातली खोली पाडली तर बऱ्याच गाड्यांची सोय होणार होती. तसा ठराव मांडायला कोणीतरी हवं होतं. त्रिभुवनकाकांनी मांडला. सीट पुसूनच ते सभेला आले होते. सगळे हात वर गेले. नवे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, दीपक हे वयानं लहान, येऊन वर्षही झालं नव्हतं. ते इतिवृत्त लिहीत होते, म्हणून त्यांचा हात वर नव्हता.

ईस्टरनंतर खोली रिकामी करा, असं गोजराबाईंना कळवण्यात आलं. मनमाडला त्यांची भाची आहे, तिच्याकडे त्या जातील, असं कोणीतरी सभेत म्हणालं होतं. ती भाची वारून काही वर्षं झाली होती. पण ते विचारायला कोणी गेलं नाही.

ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाला. एका रविवारी नेमलेला शास्त्रपाठ यशयाच्या पहिल्याच अध्यायातला होता. काका उभे राहिले आणि नेहमीच्या सुरात वाचू लागले. त्या अध्यायात देव आपल्या लोकांवर चिडलेला आहे. तुमचे यज्ञ पुरे झाले, तुमच्या सणांचं मला ओझं झालंय, तुम्ही हात पसरून प्रार्थना करता तेव्हा मी तोंड फिरवतो, असं तो म्हणतो. मग काय करायला हवं तेही सांगतो. वाईट करणं सोडा, अनाथाला न्याय द्या, विधवेची बाजू घ्या.

काका विधवेपाशी आले आणि थांबले.

शेवटच्या बाकावर गोजराबाई बसल्या होत्या. त्या झोपल्या होत्या, तेव्हा त्यांच्याकडून काही इशारा वगैरे झाला असं नाही. काका पुस्तकाकडे बघत राहिले. थांबणं इतकं लांबलं की पेटीवाल्या बाईंना वाचन संपलं असं वाटलं आणि त्यांनी पुढच्या गीताचा सूर धरला. काकांनी हात वर करून त्यांना थांबवलं, उरलेलं वाचलं आणि जागेवर जाऊन बसले. त्या दिवशी सूचना वाचायला पाळकसाहेबांनी नावानं हाक मारली तेव्हा त्यांना ती दुसऱ्यांदा मारावी लागली.

घरी येऊन त्यांनी आपलं शास्त्र उघडलं. नाताळच्या अध्यायांना लाल रेघा होत्या. ख्रिस्ताच्या दुःखसहनाचा म्हणून जो अध्याय वाचतात त्याला हिरव्या होत्या. श्वापदांच्या पानांना तर इतके रंग लागले होते की अक्षर दिसत नव्हतं. यशयाचा पहिला अध्याय कोरा होता. तो इतक्या वर्षांत नजरेखालून गेला नसेल असं नाही. गाडी ज्या थांब्यावर थांबत नाही तो थांबाही ड्रायव्हरला दिसतोच.

पुढचे कित्येक दिवस ते दुपारी जेवणाच्या टेबलाशी बसून सगळे संदेष्टे पहिल्यापासून वाचत होते. आमोस, मीखा, यिर्मया, कोणाला सोडलं नाही. त्यांना असं आढळलं की श्वापदं फार थोडी आहेत. विधवा पुष्कळ आहेत. खोटी मापं आहेत, लाच खाणारे न्यायाधीश आहेत, गरिबाची जमीन आपल्या जमिनीला जोडून घेणारे आहेत, आणि मोठ्या आवाजात भक्ती करून घरी जाणारे आहेत.

चांगुणाबाई पालक निवडत बसल्या होत्या. काका म्हणाले, “चांगुणा, हे आपल्याला सांगितलंय.”

“काय?”

“हेच. सगळं.”

“बरं झालं,” त्या म्हणाल्या. “पत्ता सापडला म्हणायचा.”

दुसऱ्या दिवशी काका प्रफुल्लरावांच्या घरी गेले आणि ठराव मागे घ्यायचा आहे म्हणाले. प्रफुल्लरावांनी पाणी दिलं, चहा दिला आणि कारण विचारलं. काकांनी यशयाचं नाव सांगितलं. प्रफुल्लराव विचारी माणूस. त्यांनी हसण्यावारी नेलं नाही. ते म्हणाले, “काका, ते इस्राएलाला सांगितलं होतं. त्या काळात पार्किंगचा प्रश्न नव्हता.” शिवाय भविष्यवाद राष्ट्रांबद्दल असतो हे आम्हाला तुम्हीच शिकवलंत, याचीही त्यांनी आठवण करून दिली. चहा पिऊन काका उठले.

मग ते पाळकसाहेबांकडे गेले. दीपक पाळकांनी सगळं ऐकून घेतलं आणि आपल्याला हे पूर्ण पटतं असं सांगितलं. काका म्हणाले, मग व्यासपीठावरून बोला. पाळकसाहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं आणि योग्य वेळ यायला हवी म्हणाले. ती वेळ साधारण कधी येते, असं काकांनी विचारलं. कंट्रोल केबिनच्या खिडकीशी लोक त्यांना जसं विचारत, तसंच त्यांनी सरळ विचारलं होतं. पाळकसाहेबांना तो टोमणा वाटला.

त्यानंतरच्या रविवारी उपासनेच्या शेवटी काका सूचना वाचायला उभे राहिले. महिला मंडळाची सभा शुक्रवारी. बागुलांच्या मुलीचा साखरपुडा, सर्वांना निमंत्रण. एक काळी छत्री सापडली आहे, ओळख पटवून न्यावी. मग त्यांनी कागदाची घडी घातली आणि त्याच सुरात म्हणाले, “शेवटची सूचना. या ईस्टरला आपल्या चर्चच्या दाराला कुलूप असेल.”

आणि जागेवर जाऊन बसले.

त्यांना असं म्हणायचं होतं, की आपण एका म्हातारीला तिच्या घरातून काढून तिथं गाड्या लावणार असू, तर देव इथं राहणार नाही, आणि देव नसेल तर दार उघडं काय नि बंद काय. हे त्यांनी नंतर समजावून सांगितलं. पण आयुष्यभर तोकडी वाक्यं बोलायची सवय. ‘जर’ आणि ‘तर’ गळून पडले आणि कुलूप तेवढं उरलं.

मोठा गोंधळ झाला. हे त्यांच्या बुधवारच्या भविष्यवादातलंच काहीतरी असावं असं काहींना वाटलं. सरकारी नोटीस आली आहे आणि ती कमिटी लपवते आहे, असंही काही जण म्हणू लागले. दोघीतिघी म्हाताऱ्यांनी उपास धरले. चर्चच्या किल्ल्यांचा एक जुडगा काकांकडे असे. तो कमिटीनं त्याच दुपारी परत मागितला. कुलूप लागणार असं सांगणाऱ्याजवळ किल्ली असू नये, हे प्रफुल्लरावांचं म्हणणं तसं रास्त होतं. काकांनी जुडगा दिला.

लोक इंदिरानगरला त्यांच्या घरी जाऊन विचारू लागले की हे कुलूप कोण लावणार. काका प्रत्येकाला एकच सांगत. यशयाचा पहिला अध्याय वाचा आणि मग गोजराबाईंच्या खोलीत जाऊन या. अध्याय किती जणांनी वाचला माहीत नाही, पण खोलीत पुष्कळ जण जाऊन आले. कुलपाचा त्या खोलीशी काहीतरी संबंध आहे एवढं लोकांना कळलं होतं. मीही गेलो. इतकी वर्षं मी त्या खोलीवरून जात होतो, पण आत पहिल्यांदाच पाऊल टाकलं. नळाला पाणी येत नव्हतं. गोजराबाई शेजारच्या वस्तीतून कळशी आणत. पत्रा एका बाजूनं उचकटलेला आणि त्यावर दगड ठेवलेले. भिंतीवर यजमानांचा फोटो, त्यात ते घंटेच्या दोरीला धरून उभे. मी काय बोलायचं हे न सुचून कोंबड्या किती आहेत ते विचारलं. त्यांनी ते सांगितलं नाही.

आमच्यात एक प्लंबर आहेत. तेही असेच बघायला गेले आणि उभं राहून काय करायचं म्हणून नळ दुरुस्त करून आले. दुसऱ्या एकानं पत्रा बसवून दिला. बांधकामाची कामं घेणाऱ्या एकानं कोंबड्यांसाठी जाळीचं खुराडं करून दिलं. गोजराबाईंनी कोणाचे आभार मानले नाहीत. खुराड्याचं दार उलट्या बाजूला उघडतं अशी तक्रार केली. त्यानं येऊन ते बदलून दिलं. महिला मंडळाच्या बायका तिथं जाऊन बसू लागल्या, आणि भाची वारल्याचं तेव्हा कळलं.

अखेर दीपक पाळकांनीही एक गोष्ट केली. चर्चला लागून एक मोकळा प्लॉट आहे. तो पगारे गुरुजींचा. गुरुजी बौद्ध आहेत, शाळेतून निवृत्त झालेले. इतक्या वर्षांत आमच्या कोणी त्यांच्याशी कुंपणाच्या वादापलीकडे बोललं नव्हतं. पाळकसाहेब जाऊन म्हणाले, रविवारी सकाळी तुमच्या जागेत गाड्या लावू द्याल का. गुरुजी म्हणाले, लावा की, ती रिकामीच असते. बुद्धजयंतीला आमच्याकडं खुर्च्या कमी पडतात, तेवढ्या तुमच्या द्या. हे बोलणं रस्त्यावर उभ्या उभ्या झालं. पार्किंगचा प्रश्न मिटला.

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी प्रफुल्लरावांनी कमिटीची सभा घेतली आणि खोली पाडण्याचा ठराव तांत्रिक कारणास्तव रद्द करावा असं सुचवलं. तांत्रिक कारण कोणतं ते कोणी विचारलं नाही. सगळे हात पुन्हा वर गेले. गोजराबाईंना ही बातमी पाळकसाहेबांनी सांगितली. त्या म्हणाल्या, मी कुठं सामान बांधलं होतं.

ईस्टरची उपासना पहाटे असते. त्या दिवशी त्रिभुवनकाका चांगुणाबाईंना न उठवता एकटेच निघाले. अंधार होता. गाडी गुरुजींच्या प्लॉटवर लावून ते फाटकापाशी आले. दार सताड उघडं होतं. आत दिवे, फुलं, नव्या साड्या. इतकी गर्दी की मागं सतरंज्या अंथरल्या होत्या. एरवी नाताळाखेरीज न फिरकणारी माणसंही आली होती, कुलपाचं काय होतं ते बघायला. दाराशी प्रफुल्लराव स्वागताला उभे होते. ते म्हणाले, “या, संदेष्टे. कुलूप आणलंत का?” आणि हात मिळवला. त्यांनी ते वाईट मनानं म्हटलं नव्हतं. आजूबाजूचे हसले, तेही चांगल्या मनानंच.

काका मागं सतरंजीवर बसले. उपासना फार सुंदर झाली. संपल्यावर अंडी आणि केक वाटताना जो तो त्यांना कुलपावरून काहीतरी बोलून गेला. लहान मुलांनी तर त्याचं गाणंच केलं होतं. काका सगळ्यांना सलाम करून घरी आले, पिशवीत दोन कपडे घातले आणि घोटीच्या गाडीत बसले. चांगुणाबाईंना त्यांनी एवढंच सांगितलं की दादाकडं जाऊन येतो.

गेणूदादांनी त्यांना काही विचारलं नाही. उन्हाळ्यात भाताची खाचरं मोकळी पडलेली असतात, काम कमी असतं. काका ओसरीवर बसून राहत. जेवायला बोलावलं की जेवत, नाही तर नाही. एका सकाळी बोलता बोलता सगळं बाहेर आलं. आपल्याला हसले याचं एवढं काही वाटत नाही, असं ते म्हणाले. वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. फाटकापाशी पोचल्यावर त्यांनी आधी दाराकडं पाहिलं होतं, आणि ते उघडं दिसलं तेव्हा त्यांना वाईट वाटलं होतं. सणाच्या दिवशी, देवाच्या घराचं दार उघडं आहे म्हणून.

गेणूदादा म्हणाले, “म्हंजे तुझं खोटं पडलं म्हून तू रुसून आलाय.”

काका म्हणाले, तसंच काहीसं. मग त्यांना योना आठवला. तोही इब्री संदेष्टाच. निनवे नावाच्या शहरात जाऊन तो सांगतो की हे शहर नष्ट होणार. शहरातले लोक घाबरतात, सुधारतात. देव शहराला सोडून देतो. आणि योना रागावून शहराबाहेर जाऊन बसतो. काकांनी मंडळीत ती गोष्ट वाचली होती, रविवारच्या शाळेत मुलांना सांगितली होती. पण सांगताना सगळा वेळ योनाला गिळणाऱ्या माशातच जाई. रुसव्यापर्यंत पोचायच्या आत तास संपे.

“मग त्या योनाचं काय झालं?” गेणूदादांनी विचारलं.

“ते लिहिलेलं नाही,” काका म्हणाले.

आठवडा झाला तरी काका परतेनात, तेव्हा चांगुणाबाई एस.टी.नं घोटीला आल्या. सोबत गोजराबाई होत्या. त्यांना कोणी या म्हटलं नव्हतं. मी येणार म्हणाल्या आणि आल्या. उन्हातून चालत आल्यामुळं दमल्या होत्या, म्हणून आधी पाणी प्यायल्या, मग गाडी फार आदळते अशी तक्रार केली, आणि मग काकांसमोर ओसरीवर बसल्या.

“झुंबरभाऊ,” त्या म्हणाल्या, “तुमचं खरं व्हायला पायजे होतं ना?”

काकांनी हो म्हणून मान हलवली.

“खरं झालं असतं म्हंजे मला बाहेर काढलं असतं, आणि चर्चलाबी कुलूप लागलं असतं. मंग मी कुठं गेले असते? तेवढं सांगा, आणि मंग बसा रुसून.”

चांगुणाबाई सांगतात की काका बराच वेळ खाली बघत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण उन्हाची तिरीप तोंडावर येत होती, त्यामुळं खात्रीनं सांगता येत नाही. मग ते म्हणाले, “बाई, ती खोली पाडा असं मीच म्हणालो होतो.”

“मला ठाऊक हाय,” गोजराबाई म्हणाल्या. “कोंबड्यांपायी.”

एवढं झाल्यावर त्या म्हणाल्या की आता उठा, अंधार पडायच्या आत मला घरी जायचंय. गेणूदादांनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. संध्याकाळच्या गाडीनं तिघं नाशिकला आले.

बुधवारचा अभ्यास पुन्हा सुरू झाला, पण फ्लेक्स आता लावत नाहीत. काका संदेष्टे पहिल्यापासून वाचतात, एक अध्याय घेतात आणि विचारतात की हे आपल्या घरी टपालानं आलं असतं तर कोणाच्या नावावर आलं असतं. गर्दी ओसरली. शिंगांचं काय झालं, असं विचारणारे पुढं यायचेच बंद झाले. प्रफुल्लराव मात्र येतात. पुढच्या खुर्चीवर बसतात आणि वाद घालतात. एकदा ते म्हणाले, “काका, स्पष्ट बोलू का? ठराव मी मागं घेतला, म्हणून तुमचं खोटं ठरलं.”

काका म्हणाले, “हो. त्यासाठीच सांगतात.”

मग प्रफुल्लरावांनी विचारलं की असं असेल तर प्रभू येशूबद्दलच्या वचनांचं काय, ती तर पूर्ण झालीच ना. काका म्हणाले की ती झालीच, त्यावर माझा विश्वास आहे, उद्या मरताना त्यावरच मरेन. पण ज्या यशयानं दुःख सोसणाऱ्या सेवकाबद्दल सांगितलं त्यानंच विधवेबद्दल सांगितलं. प्रभू स्वतः आपल्या गावच्या सभास्थानात वाचायला उभा राहिला तेव्हा त्यानंही यशयाच उघडला, आणि दीनदुबळ्यांना सुवार्ता सांगण्याचं पान काढलं. आपण त्याच माणसाची हिरव्या रेघांची पानं ठेवायची आणि कोरी सोडायची, हे जमायचं नाही. त्यांच्या आयुष्यातलं हे बहुधा सर्वांत लांब बोलणं असेल. झाल्यावर त्यांनी पाणी मागितलं.

त्या अभ्यासाला मनाली म्हणून एक मुलगी येते. मसाल्याची पाकिटं भरणाऱ्या एका कारखान्यात ती नोकरीला होती. आमोसातली खोट्या मापांची वचनं वाचली त्या दिवशी ती काही बोलली नाही. पुढच्या बुधवारी तिनं सांगितलं की जुन्या मालावर नवी तारीख चिकटवायचं काम तिच्याकडं आहे, आणि ते आपण यापुढं करणार नाही असं तिनं साहेबांना सांगितलं. साहेब काय म्हणाले असं आम्ही विचारलं. ती म्हणाली, उद्यापासून येऊ नको म्हणाले.

काका तिच्याकडं पाहत राहिले. हे आपण घडवलं की काय, अशी भीती त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती. असं काही होईल याची त्यांनी कल्पना केली नव्हती, आणि ती केली नव्हती हे त्यांनी तिला तिथंच सांगितलं. मनाली म्हणाली, काका, मी वाचलं ते मी वाचलं.

चांगुणाबाई उठून चहा टाकायला गेल्या. प्रफुल्लरावांनी खिशातून मोबाईल काढला आणि बँकेतल्या जुन्या ओळखीच्या माणसांना एकेक करून फोन लावायला सुरुवात केली. मनालीला अजून दुसरी नोकरी लागलेली नाही. बुधवारी ती येते. संख्या आणखी कमी झाली आहे, आणि आम्ही आता चर्चऐवजी त्रिभुवनकाकांच्या बैठकीच्या खोलीत बसतो. खोली लहान आहे, तरी सगळे मावतात.